घरभाड्याची ओळ

मेहकरच्या कोर्टासमोर अर्ज टाईप करून देणाऱ्या त्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना हवालदारसाहेब म्हणत. फौजेत ते पगाराची कारकुनी करायचे. समोर कुणी रडायला लागलं की म्हणायचे, "आधी कागद, मंग बाकीचं."

लेकीची पोटगी वाढवून घ्यायला मी तिथे खेटे घालत होते. माझ्या फौजी नवऱ्याने कोर्टात फक्त मूळ पगार सांगितला होता. सोबत जोडलेलं पगारपत्रक मी काकांना दाखवलं. त्यांचं बोट खालून वर सरकत एका ओळीवर थांबलं.

"हे घरभाडं हाय, ताई. कुटुंबाले क्वार्टर नसलं की पगारात येते. तुम्ही कुठी राह्यता?"

"भाड्याच्या खोलीत. लेक अन् मी."

"मंग हे जजसाहेबाले सांगा न."

माझ्या वकिलांना तुम्हीच समजावा, असं मी विनवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला. शेजारी बसलेला एक माजी सैनिक चिडला, "फौजी असून फौजीच्या विरोधात काऊन?"

"विरोधात कुठी? लेकरू त्याचंच हाय," काका शांतपणे म्हणाले.

तारखेला वकिलांनी मलाच बोलू दिलं. एकही रकाना चुकला नाही. कोर्टाने घरभाडंही उत्पन्नात धरलं आणि लेकीची पोटगी वाढली.

आभार मानायला गेले, तेव्हा काकांनी एवढंच विचारलं, "कोन बोललं?"

"मीच."

हातातलं काम थांबवून ते उठले आणि वरिष्ठांसमोर राहावं तसे माझ्यासमोर ताठ उभे राहिले.