बरं वाटलं तरी या

"तीन दिवस वाट पाहू," असं म्हणून डॉक्टर पेनाला टोपण लावायचे. टोपण लागलं की विषय संपला. मग पेशंटने कितीही गयावया केली तरी साध्या सर्दीतापाला चिठ्ठीवर अँटिबायोटिक यायचं नाही. वर सांगायचे, "तिसऱ्या दिवशी या. बरं वाटलं तरी या."

दोंडाईच्यात त्यांच्या दवाखान्यासमोरच माझं मेडिकल. तुम्हीच सांगा, माझं डोकं फिरणार नाही तर काय! पेशंट तणतणत माझ्याकडे येत. एक अक्का तर पदर खोचून ओरडली, "ना सुई, ना गोळी! याले काय डाक्टर म्हनतस?" मी गुपचूप अँटिबायोटिकची पट्टी पुढे सरकवली. हे रोजचंच होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर दाराशी खुर्ची टाकून बसत. कुणी फिरकत नसे. बरा झालेला कशाला येतोय? आणि जो तो गोळीनेच बरा झालो असं समजे, कारण गोळी मी दिलेली. हळूहळू लोक चौकातल्या सलाईनवाल्याकडे वळले. डॉक्टरांची बायको आधीच वारलेली, मुलगी परदेशात. दुपारभर तो माणूस एकटाच बसलेला असे. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? पण माझा हात काही थांबला नाही.

मग मलाच ताप-खोकला झाला. त्यांनी तपासलं, टोपण लावलं. "भाऊ, तीन दिवस." मी मान डोलावली आणि दुकानात येऊन स्वतःच्याच फळीवरची गोळी गिळली. तिसऱ्या दिवशी ते खुर्चीत दिसले, म्हणून रस्ता ओलांडला.

"बरं वाटलं?"

"एकदम! गोळीबिळी काही नाही."

अहो, काय सांगू तो चेहरा! त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "कुणीतरी आलं," म्हणाले. त्यानंतर येईल त्या पेशंटला सांगत, "समोरच्या भाऊंना विचारा. ते थांबले होते." लोक विचारत, आणि मी हो म्हणे.

खरं सांगायचं राहूनच गेलं. उन्हाळ्यात डॉक्टर वारले.

आता चिठ्ठीशिवाय मी गोळी देत नाही. गिऱ्हाईक शिव्या घालून जातं. परवा खोकल्याने बेजार झालेल्या एका बाईला म्हणालो, "ताई, तीन दिवस थांबा. बरं वाटलं तरी सांगायला या."

आज तिसरा दिवस. सकाळपासून दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसलोय. समोर कुलूप आहे, आणि ती बाई अजून आलेली नाही.