दीडशे शब्दांत सुनंदा

मी या ग्रुपवर फारसं लिहीत नाही. आज लिहितोय.

लेकीला घेऊन लासुर्ण्याहून बारामतीला गेलो होतो. कॉलेजच्या अर्जात 'माझी प्रेरणा' यावर दीडशे शब्द लिहायचे होते. पूजाने आईवर लिहिलं होतं. सुनंदाला जाऊन दोन महिने झाले.

निबंध दोनशे दहा शब्दांचा झाला होता. कॉम्प्युटरवाला हसला, "तात्या, कादंबरी लिवली का पोरीनं? दीडशेच्या वर हे एक शब्द घेत न्हाय."

पूजा काढत गेली. मेथीच्या जुड्या बांधता बांधता आई पाढे म्हणवून घ्यायची, ते गेलं. दवाखान्यातला शेवटचा दिवस गेला. तरी एक शब्द जास्त होताच. तिने आईचं नावच काढलं.

"अगं, नाव तरी राहू दे."

"पप्पा, आई म्हटलं की कळतंय त्यांना." तिने माझ्याकडे बघितलं नाही.

दशक्रियेला दोन पुढारी सुनंदावर अर्धा तास बोलले. दोघांनीही तिला कधी पाहिलं नव्हतं. त्यांना कुणी थांबवलं नाही.

अर्ज गेला. रेशनकार्डावरचं तिचं नाव मी मागच्या आठवड्यातच काढून आलो. आता फॉर्मातला आईच्या नावाचा रकाना सोडला तर ते कुठं लिहायची वेळ येईल असं वाटत नाही.

तुम्ही असता तर कोणता शब्द काढला असता?