कापसाच्या खोलीतला लाइट

त्या वर्षांत घरात कापूस राहायचा आणि उरलेल्या जागेत आम्ही. खरेदी सुरू व्हायची नाही, भाव उठायचा नाही, आणि समोरच्या खोलीतला ढीग चढत चढत छताला टेकायचा. सगळ्यांच्या अंगाला खाज. मी दिग्रसला मोटार दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो, रविवारी एस.टी.नं गावी यायचो. संध्याकाळी लोडशेडिंग असायचं, म्हणून दिवाळीला मी त्या खोलीच्या छताला बॅटरीवर चालणारी बारा व्होल्टची छोटी ट्यूब लावून दिली. गल्लीत उजेड फक्त आमच्याकडे. महिनाभर मी त्या ट्यूबचं कौतुक सांगत फिरलो.

बाचा एकच हेका होता, कापूस निवडलेला असला की खरेदी केंद्रावर प्रत ठरवणारा ग्रेडर नावं ठेवू शकत नाही. त्यामुळे दिवसभर शेतात वेचून आलेली माय त्या उजेडात बसून कवडी काढायची, म्हणजे कीड लागलेला, पिवळा पडलेला कापूस वेगळा करायची. ट्यूब चालू असेपर्यंत हे काम चालायचं.

एका रविवारी घरात पाय ठेवला तर बा बाजेवरूनच म्हणाला, "तुहा लाइट बंद हाये चार रोजापासून. निवडायचं काम पडून राह्यलं. आज कर बाप्पा काहीतरी." एवढं बोलून तो गावात निघून गेला.

सहा दिवस लोकांच्या मोटारी उघडायच्या आणि सातव्या दिवशी घरचा लाइट. वैताग आला होता. ढिगावर चढलो तर कमरेपर्यंत आत गेलो. कशीबशी ट्यूब काढली, दोन वायरी थेट बॅटरीला टेकवल्या. लख्ख लागली. म्हणजे ट्यूब चांगली, बॅटरीही चांगली. मग वायरच उंदरानं कुरतडली असणार, असं मी ठरवून टाकलं. वायर भिंतीवरून गेलेली, आणि भिंतीला ढीग लागलेला. म्हणजे कापूस हलवणं आलं.

माय टोपलं घेऊन उठली.

"तू बस," मी म्हटलं.

"एकट्यानं कधी होईन थे?" ती म्हणाली आणि भरायला लागली.

दोन तास आम्ही कापूस पडवीत नेऊन टाकला. नाकातोंडात तंतू. वायर पूर्ण उघडी झाली, तिला उंदराचा दातही लागलेला नव्हता. तेव्हा मला आमच्या दुकानातल्या मिस्त्रीचाचांचं रोजचं वाक्य आठवलं, "पहले फ्यूज देख, फिर दिमाग लगा." पण बॅटरीजवळचा फ्यूज मी मागच्याच रविवारी नवा घातला होता, स्वतःच्या हातानं, म्हणून तो उघडून पाहायचं मला सुचलंच नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा. डबी उघडली. फ्यूज जळला असता तर काचेची नळी काळी दिसली असती. इथं नळीच नव्हती.

मी वर पाहिलं. मायनं टोपलं खाली ठेवलं, पदराची गाठ सोडली आणि फ्यूज माझ्या हातावर ठेवला.

"मीच काढला. तुह्या बासमोर सांगता येत नव्हतं."

"मंग आता कायले कापूस उचलत होती?"

"तू आशेनं लावला होता रे. कसं सांगू?" ती खाली बसली. "पयले अंधार पडला का हात थांबत होते. तुह्या लाइटानं तेवढंही नेलं."

मला फार लाज वाटली. ती थकते हे मला माहीत होतं, तरी माझ्या लाइटाचा आणि तिच्या थकण्याचा संबंध मी कधी लावला नव्हता.

बा परतला तेव्हा मी सांगितलं, "आतून जळला. दिग्रसले सामान भेटते का पाहतो."

त्या हंगामात मी एकही रविवार चुकवला नाही. बा दर वेळी सामानाचं विचारायचा, आणि मी दर वेळी म्हणायचो की दुकान बंद होतं. फ्यूज माझ्या शर्टाच्या खिशातच होता. बाहेर अंधार पडायचा आणि माय ओट्यावर पाय लांब करून बसायची, रिकामे हात मांडीवर ठेवून.