खोटा व्यायाम

लकव्यानं माझा उजवा हात गेला तेव्हा साठी उलटून गेली होती. पाय महिन्याभरात सावरला, काठीवर चालू लागलो. हात मात्र ओल्या पोत्यासारखा मांडीवर पडून असायचा. मी चौथी नापास माणूस. जी काय विद्या होती ती त्या हातातच होती.

ओतूरच्या एका दवाखान्यात पुण्याहून एक पोरगी आली होती, फिजिओथेरपी शिकणारी. दर मंगळवारी मी पिंपरी पेंढारहून एस.टी.नं जायचो. ती माझं एकेक बोट उघडायची आणि घरचा व्यायाम सांगायची. वालाचे दाणे अंगठा न् बोटाच्या चिमटीत धरून या वाटीतून त्या वाटीत टाकायचे.

सुनेसमोर मी तान्ह्या पोरासारखा दाण्यांशी खेळत बसू? पहिल्या दिवशी एक दाणा उचलंना. वाटी उधळून दिली, परत हात लावला नाही.

"आजोबा, दाणे उचलता ना?" ती विचारायची.

"तर! रोज दोन टाइम."

ती बिचारी ते वहीत लिहायची. असे तीन महिने गेले. बोट काही हललं नाही. जगण्यात राम राहिला नव्हता. सून घास भरवायची आणि मी भिंतीकडं बघत गिळायचो.

एका मंगळवारी परतताना ओतूरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो होतो. मागंच फोनचं दुकान होतं. आतून दवाखान्यातल्या त्या पोरीचाच रडका आवाज आला.

"बाबा, रविवारी मला न्यायला या. मला नाही शिकायचं आता. एक आजोबा आहेत, रोज न चुकता व्यायाम करतात, तरी फरक नाही. माझ्याच शिकवण्यात खोट आहे."

उठून सांगावं वाटलं, पण तोंड उघडंना. जन्मात कुणापुढं चुकलो म्हटलं नव्हतं, बायकोपुढंसुद्धा नाही. गाडी आली, बसलो.

घरी अंगणात म्हातारी न् सून लागणीचा लसूण फोडत होत्या. आमच्याकडं ते बायकांचं काम. मी मधीच जाऊन बसलो.

"अवं, तुमी कुठं हितं? मिशीला वास लागंल."

"लागू दे. गड्डी दे एक."

डाव्या हातात गड्डी धरली, उजवा अंगठा तिच्यावर टेकवला. नुसता घसरायचा. तासभर तेच. डोळ्यांतून पाणी आलं.

"कांदा न्हाई त्यो, रडाया," म्हातारी म्हणाली आणि सुनेला कामाला म्हणून आत पाठवलं.

बुध, गुरू, शुक्र, तिन्ही दिवस सकाळपासून बसलो. अंगठ्याची कातडी सोलली. शुक्रवारी दुपारी गड्डी कट्‌कन फुटली.

शनिवारी माझा वार नव्हता, तरी ओतूरला गेलो. कोपऱ्यात तिची बॅग भरून ठेवलेली. सवयीनं तिनं माझी बोटं उघडली आणि थबकली.

"लसणाचा वास? कुणी फोडला?"

"ह्यानं." मी खिशातून गड्डी काढली.

दोनदा घसरली. तिसऱ्यांदा एक पाकळी सुटून टेबलावर पडली. ती बघतच राहिली.

"पोरी, दाणे म्या कधी उचललेच न्हाईत. खोटं बोललो. तुझ्यात खोट न्हाई, माझ्यात व्हती."

"तीन महिने, आजोबा?" ती ओरडलीच. "तीन महिने मी पुस्तकं धुंडाळत होते, माझं कुठं चुकतंय म्हणून!"

मी मान खाली घातली. पहिल्यांदाच. तिनं वही काढली, माझी सगळी पानं आडव्या रेघांनी खोडली.

"मंगळवारी या. न् परत थापा मारल्या तर हीच बोटं मोडीन."

"तू असशील का पन?"

तिनं पुढच्या पेशंटला हाक मारली.

ते तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मंगळवारी गेलो तर दार उघडं होतं. बाबा येऊन, जेवून, एकटेच माघारी गेले म्हणाली.

हात पुरता काही आला नाही. गळ्याचं बटण अजून म्हातारीच लावते.