यमाच्या दिशेचे बारा बाण

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. कागलजवळच्या एका मळ्यात विहिरीची जागा शोधायला जाणार का, असं पुण्याच्या ऑफिसात विचारलं तेव्हा माझी नोकरी नवी होती आणि उत्साह उतू जात होता. यंत्रं खोक्यांत भरली आणि एसटी पकडली.

शाहूपुरीत बारा रुपयांत खोली मिळाली, खिडकीतून गुळाचा वास येणारी. सकाळी कागलचे जीपवाले रहिमानभाई न्यायला आले. उसावर धुकं तरंगत होतं आणि रस्ता त्यात विरघळल्यासारखा दिसत होता. मी अर्धा झोपेतच होतो म्हणा ना! तुम्ही जाणार असाल तर थंडी सरता सरता जा; गुऱ्हाळं चालू असतात, काकवी फुकट मिळते.

मळा शेवंताआक्कांचा. जुनी विहीर आटलेली, खाली अखंड काळा पाषाण. त्यात भेग सापडली तरच पाणी. नवरा गेल्यावर आक्का एकट्याच सगळं बघत. जागा चुकली तर दुसरी विहीर खणणं त्यांना झेपणारं नव्हतं.

आमची रीत साधी. जाड फळीवर जीपचं चाक चढवायचं आणि फळीच्या टोकावर रहिमानभाईंनी घण घालायचा. जमीन आडवी हलते आणि ओळीने रोवलेले बारा डबे ती हालचाल टिपतात. खडक भेगाळ असला की लाट मंदावते. डब्यांवरचे बाण मात्र सगळे एकाच दिशेला हवेत; एखादा डबा फिरला तर त्याला लाट नीट पकडता येत नाही आणि ती मंदावल्यासारखी दिसते. आमचे दक्षिणेला होते.

डबे रोवून झाले आणि आक्कांनी झुणका-भाकरी वाढली. जेवणानंतर बाण पुन्हा तपासायचे असा नियम होता. पण ऊन कोवळं, पोट भरलेलं; मी तो खुशाल बुडवला. घण पडले आणि सातव्या डब्यापासून लाट एकदम मंदावली. मी छाती फुगवून जागा दाखवली. आक्कांनी तिथल्या दगडाला हळदीकुंकू वाहिलं.

संध्याकाळी खोलीवर आलेख काढताना मात्र मनात पाल चुकचुकली. खडक इतका आखल्यासारखा, नेमका सातव्या डब्यापाशी कसा फुटेल? सकाळी पहिल्या गाडीने मळा गाठला. आक्कांना विचारलं, डब्यांना कुणी हात लावला होता का?

"मीच लावलाता की," आक्का शांतपणे म्हणाल्या. "यमाच्या दिशेला त्वांड करून पानी मागत्यात व्हय, पावणं? सहा फिरवलं उगवतीला, तवर तुमी जेवून उठलासा."

पुन्हा डबे रोवले. या वेळी सातव्यापाशी काहीच नव्हतं. तिसऱ्यापाशी लाट जराशी अडखळली. खात्री नाही, असं मी सांगून टाकलं. आक्कांनी बराच वेळ त्या जागेकडे पाहिलं आणि पहार तिसऱ्यापाशी मारायला सांगितली.

पुण्यात परतल्यावर अहवाल लिहिला. 'चुकीचे कारण' या रकान्यात 'मळ्याच्या मालकिणीने उपकरणे हलवली' असं झोकात लिहून सही केली. ते धुकं, तो मळा पुढे कितीतरी दिवस डोळ्यांसमोर तरळत राहिला.

उन्हाळ्यात आक्कांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं. "पानी लागलं. थोडं हाय, पर ग्वाड हाय. डबं मी हलवलं, त्याचा तुमास्नी हापिसात तरास झाला न्हाय न्हवं?"

अहवाल केव्हाच वर गेला होता. मी उत्तर लिहिलं, काही त्रास झाला नाही. खोटं नव्हतं ते. दोष मी त्यांच्याच नावावर लिहून मोकळा झालो होतो.