भट्टीमास्तरांचं लाल लोखंड

आजोबांबद्दल विचारतेस आणि उंबऱ्यातच उभी राहतेस, हे काय गं? ये, अशी जवळ बस.

तुझ्या आजोबांना सगळी उमरोळी भट्टीमास्तर म्हणायची. बोईसरला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. आठवडाभर तिथे भट्टीपुढे राबायचं आणि रविवारी देवळात फादरांची मिस्सा झाली की आम्हा बायांना धर्मशिक्षण द्यायचं. भुवया कायम जळलेल्या. फादरांकडून जाडजाड पुस्तकं आणत आणि ख्रिस्त नेमका कोण यावरून पहिल्या शतकांतले बिशप कसे भांडले, ते शेताच्या बांधावरच्या भांडणासारखं रंगवून सांगत.

"एक म्हणाला, पुत्र मोठा, पण देवानं घडवलेला. आता जो सोताच घडवलेला, तो आपल्याला देवापर्यंत नेणार कसा? दुसरे म्हणाले, देवच तो, माणसाचं निस्तं सोंग. मंग क्रुसावर तहान लागली ती काय नाटकातली?" बाया खुदखुदत. मग त्यांचं ठरलेलं: "लोखंड भट्टीत लाल झालं. आग कुठं संपली न् लोखंड कुठं लागलं, दाखवा पाहू! अर्धं-अर्धं काय नाय. दोन्ही पुरी हायत. तसाच ख्रिस्त, देव बी पुरा, माणूस बी पुरा. जुन्या आचार्यांनी हेच लिवलंय."

माझा पाच महिन्यांचा जोसेफ तापात गेला आणि मी देवळात जाणं सोडलं. मास्तर घरी आले. चहा हातात घेऊन तेच लोखंड सुरू केलं. मी भडकलेच.

"मास्तर, घण बसतो तो लोखंडाला. आगीला काय होतं? तुमचा देव वरच्यावर सुटला. पोर माझं गेलं!"

त्यांनी कप खाली ठेवला. "जुन्यांनी बी तसंच लिवलंय, बाय. आगीला लागत नाय," एवढंच बोलून उठले.

पुढच्या रविवारी पुन्हा दारात. डोळे तांबारलेले. "आठवडाभर वाचलं. आगीला लागत नाय, खरं. पण माणसाचं अंग देवानं सदऱ्यासारखं वरून घातलं नव्हतं. सोताचं केलं. म्हणून मार बी त्याचाच, मरण बी त्याचंच. एवढंच हाय माझ्याकडं. पुरतं का, ठाऊक नाय."

पुरलं नाही गं. पण बाकीचे सगळे 'देवाची मर्जी' सांगून गेले होते. उत्तर तोकडं आहे म्हणणारा हा एकच. त्या संध्याकाळी त्यांच्यासोबत मी जोसेफच्या कबरीवर गेले. ते प्रार्थना करत होते, मी नुसती मेणबत्ती धरून उभी. पुन्हा कधी माझेही ओठ हलायला लागले, आठवत नाही. दर नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी ते कबरीवर यायचे, अगदी दम लागायला लागला तरी.

आता ते जोसेफपासून दोन रांगा सोडून झोपलेत. मी दोन मेणबत्त्या नेते, पण तिथल्या वाऱ्यात एकटीला दोन्ही सांभाळता येत नाहीत. येत्या नोव्हेंबरात ये बाय. एक तू धर.