बालासिनोरहून परतताना

काल सिग्नलला शेजारच्या गाडीत एक मुलगा काचेवर रबरी डायनासोर नाचवत होता. त्याला पाहून आमची बालासिनोरच्या डायनासोर पार्कची सहल आठवली. तेव्हा आम्ही बडोद्याला राहायचो. माझी आई गेल्यानंतरची ती पहिलीच सुट्टी. बाबा घरात असून नसल्यासारखे झाले होते. मुलांनी हट्टच धरला, म्हणून तेही गाडीत बसले.

तिथले सिमेंटचे अवाढव्य डायनासोर पाहून मुलं नाचली. बाबा मात्र माळावर, खडकात रुतलेल्या एका दगड झालेल्या अंड्यापाशी उकिडवे बसले. धाकटी मनू त्यांच्याजवळ गेली.

"आजोबा, यातून पिल्लू का नाही आलं?"

बाबांनी अंड्यावर तळवा ठेवला. "आलं असतं गं. काय झालं, सांगू?"

कितीतरी महिन्यांनी त्यांचा तो गोष्ट सांगायचा आवाज ऐकला. परतीच्या रस्त्याला गाडीतही गोष्ट चालूच राहिली. गोष्टीतली त्या अंड्याची आई नदी ओलांडून गेली, वाट चुकली, पुन्हा निघाली. माणसाच्याही आधी या मातीवर कुणीतरी कुणाची वाट पाहिली असेल, असं मला वाटत राहिलं. मागे मुलं केव्हाच झोपली होती. बाबा सांगतच होते. मी गाडी आणखी हळू केली.